भोपळ्याची वाद्ये आणि रात्रीच्या बैठका : सातारा-सांगलीच्या तंतुवाद्यांची वाटचाल

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील तंतुवाद्यांचा इतिहास म्हणजे एका धंद्याचा आणि एका रिवाजाचा जोडइतिहास आहे. धंदा मिरजेच्या सतारमेकरांचा. रिवाज गावोगावच्या रात्रीच्या बैठकांचा, मग ती देवळातल्या भजनाची असो, अंगणातल्या गोंधळाची, तमाशाच्या फडाची किंवा शास्त्रीय गायनाच्या मैफलीची. या भागात वाद्ये घडली ती प्रामुख्याने साध्यासुध्या वस्तूंतून. खाण्याजोगा नसलेला कडू भोपळा, बांबूची काठी, कातड्याचा तुकडा आणि रिकामा डबा यांच्यापासून इथल्या कारागिरांनी सूर काढला आणि तो ऐकायला माणसे रात्ररात्र बसली. बैठका भरत राहिल्या तेव्हा धंदा वाढला आणि त्या ओसरल्या तेव्हा धंदा अडचणीत आला. या व्यवसायाची प्रत्येक पायरी या नात्यातून उलगडते.

आजचे हे दोन जिल्हे पूर्वी अशा रूपात नव्हते. वाळवा, तासगाव आणि खानापूर हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यात मोडत. सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने होती. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये या संस्थानी मुलखाला साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके जोडून दक्षिण सातारा जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे कृष्णाकाठची लोककला आणि मिरजेची राजाश्रयी कला एकाच सांस्कृतिक मुलखातल्या आहेत. त्यांच्यात कलाकारांची आणि श्रोत्यांची ये-जा नेहमीच राहिली.

आधारसुराची वाद्ये

सर्वांत जुना थर एकतारी, तुणतुणे आणि वारकऱ्यांची वीणा यांचा आहे. यांपैकी तुणतुण्याची रचना सर्वांत साधी. लाकडाचे पोकळ नळकांडे घेऊन त्याचे एक तोंड कातड्याने मढवायचे, बाहेरच्या अंगाला एक काठी ठोकायची, कातड्यातून ओवलेली तार काठीच्या टोकावरील खुंटीला बांधायची की वाद्य तयार होते. लाकडी नळकांड्याच्या जागी पुढे पत्र्याचा डबाही आला. गावातल्या सुताराकडे किंवा घरच्या घरीही ते बनवता येई. तुणतुण्यावर गाण्याची चाल वाजत नाही. एकच सूर सतत निघत राहतो, गायकाला आधार देतो आणि तालाची जागाही थोडी सांभाळतो. संबळ आणि तुणतुणे हा गोंधळ्यांचा मुख्य सरंजाम. खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या दिमडीला आणि मुरळीच्या घोळाला तुणतुण्याची साथ असते. कराड तालुक्यातील पाल येथे पौषात खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची यात्रा भरते. अशा यात्रा, घरोघरची लग्ने आणि कुळधर्म यांनिमित्त होणाऱ्या जागरण-गोंधळांनी या वाद्याला शेकडो रात्रींचे काम दिले.

वारकऱ्यांच्या वीणेचा दर्जा वेगळा आहे. ती गळ्यात अडकवून उभ्याने वाजवण्याचे वाद्य आहे. दिंडीत टाळकऱ्यांच्या मेळ्यात वीणेकरी असतो आणि त्याच्या हातातील वीणेला आदराने नमस्कार केला जातो. अखंड हरिनाम सप्ताहात ही वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. पहारे लावलेले असतात, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालायची आणि मगच विश्रांती घ्यायची. भल्या पहाटेच्या पहाऱ्याला गावातला कोणीही उभा राहू शकतो, कारण वीणा छेडण्यासाठी गायन शिकलेले असावे लागत नाही. संगीताचा इतका मोकळा सामुदायिक उपयोग फार थोड्या परंपरांत आढळतो. संत ज्ञानेश्वरांची पालखी आषाढी वारीत नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव आणि फलटणमार्गे ती पुढे जाते आणि तरडगावाजवळ चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. या वाटेवरच्या मुक्कामांत रात्री होणारी कीर्तने आणि जागरे ही या प्रदेशाची सर्वांत मोठी संगीतसभा म्हणता येईल.

शिकलगारांचे सतारमेकर झाले

मिरजेच्या वाद्यधंद्याचा उगम शस्त्रांच्या धंद्यात आहे. मिरज हे पटवर्धन सरदारांचे ठाणे. तलवारी, भाले, कट्यारी घडवणारे आणि त्यांना धार लावणारे शिकलगार तिथे राहत. १८१८ मध्ये पेशवाई संपली, लढाया थांबल्या आणि शस्त्रांची मागणी आटत गेली. कानस, छिन्नी आणि तासणी सराईतपणे चालवणाऱ्या हातांना नवे काम हवे होते. मिरजेच्या संस्थानिकांना गाण्याची आवड होती. त्यांच्याकडे उत्तरेतून गवई-वादक येत आणि प्रवासात त्यांच्या वाद्यांची मोडतोड होई. ती दुरुस्त करायला जवळपास कोणी नसे. १८५० च्या सुमारास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या बंधूंनी संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने हे दुरुस्तीचे काम हाती घेतले. मोडलेली वाद्ये खोलून पाहता पाहता त्यांची रचना कळली आणि पुढे नवी वाद्ये मिरजेतच घडू लागली. फरीदसाहेब हे मिरजेच्या तंतुवाद्य परंपरेचे आद्य कारागीर मानले जातात. त्यांच्या घराण्यात आणि शिष्यवर्गात ही कला पसरली, शिकलगार हे आडनाव मागे पडून सतारमेकर हे आडनाव रूढ झाले आणि ज्या वस्तीत ही दुकाने एकाला एक लागून उभी राहिली तिला सतारमेकर गल्ली म्हणू लागले.

एका धंद्याचे कसब दुसऱ्या धंद्यात उतरण्याची अशी घटना त्याच शतकात जगाच्या दुसऱ्या टोकाला, हवाई बेटांवरही घडली. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांवर कामासाठी निघालेले मजूर ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने होनोलुलूला उतरले. त्यांत मॅन्युएल नुनेझ, ऑगुस्तो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. मळ्यांवरची मुदत संपल्यावर त्यांनी आपल्या मायदेशातील छोटे चारतारी वाद्य तिथल्या कोआ लाकडात घडवायला घेतले. राजा कालाकाउआने त्याला आपल्या दरबारी समारंभांत स्थान दिले आणि त्यातून युकुलेली हे लोकांच्या घरोघरच्या गाण्याचे वाद्य झाले. मिरज आणि होनोलुलू या दोन्ही ठिकाणी तीन गोष्टी एकत्र आल्या. कामाच्या शोधातले कसबी हात होते, गाण्याची आवड असलेला राजा होता आणि गाणे ऐकायला जमणारी माणसे होती.

भोपळ्यापासून तंबोऱ्यापर्यंत

मिरजेच्या वाद्यांचा मुख्य कच्चा माल म्हणजे कडू भोपळा. तो मिरजेत पिकत नाही, सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला होतो. चवीला कडू असल्याने भाजीला तो निरुपयोगी ठरतो. त्याचे कवच मात्र वाळल्यावर लाकडासारखे टणक, हलके आणि पोकळ होते. गावांना हा गुण पूर्वीपासून माहीत होता. गोसाव्यांचे पाण्याचे तुंबे भोपळ्याचेच असत, नदीकाठच्या मुलांना पोहायला शिकवताना वाळके भोपळे कमरेला बांधत आणि पुलांच्या आधीच्या काळात भोपळ्यांच्या सांगडींवरून माणसे नदी ओलांडत. तंबोऱ्यासाठी मात्र कोणताही भोपळा चालत नाही. तो मोठा, सारख्या जाडीचा आणि चारी बाजूंनी गोल असावा लागतो. म्हणून शेतकरी वेलावरच्या फळाकडे लक्ष ठेवतो आणि ते एका कुशीवर चपटे होऊ नये म्हणून सावरत राहतो. फळ वेलावर पुरते पक्व झाल्यावरच काढतात आणि अनेक आठवडे उन्हात वाळवतात. ओलसर भोपळा वाद्यात बसवला तर तो पुढे आक्रसतो आणि जोड सुटतात.

कारागिराकडे आलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, देठाकडचा भाग कापून आतला गर आणि बिया साफ करतात. हवा तो आकार टिकावा म्हणून आत आडव्या काड्यांचा ताण देऊन तो पुन्हा वाळवतात. त्याला वरून लाकडी गळा, गळ्याला पोकळ दांडी आणि भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते. दांडी, गळा आणि तबली यांसाठी तुणीसारखे हलके, गाठी नसलेले लाकूड पसंत करतात. तबली किती जाड ठेवायची आणि तिला किती फुगवटा द्यायचा यावर वाद्याचा आवाज ठरतो. हा निर्णय मोजपट्टीने होत नाही, बोटाने टिचकी मारून कानाने होतो. मग खुंट्या, नक्षी, लाखेचे रोगण आणि शेवटी तारा चढतात. पूर्वी नक्षीसाठी हस्तिदंत वापरत, नंतर त्याची जागा सेल्युलॉइडने घेतली.

सर्वांत कौशल्याचे काम घोडीचे. तबलीवर बसणाऱ्या या छोट्या पुलावरून तारा जातात. तिचा माथा अगदी सपाट ठेवला तर तारेचा आवाज बसका येतो. कारागीर तिला अतिशय हलका उतार देतो, त्यामुळे कंप पावणारी तार घोडीला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे स्वरही उमलतात. यालाच जवारी म्हणतात. तंबोऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये बारीक दोरा सरकवून जवारी नेमकी लावतात. ती कानसेच्या चारदोन फेऱ्यांत सुधारते आणि एका चुकीच्या फेरीत बिघडते. घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनंतर शिंगाचा वापर थांबला, तेव्हा हाड, शिसवी लाकूड आणि कृत्रिम पदार्थ आले. प्रत्येक नव्या पदार्थावर जवारीचे गणित कारागिरांना नव्याने बसवावे लागले.

तंबोऱ्याचे आकारही गायकांच्या गरजेतून ठरले. पुरुष गायकासाठी मोठ्या भोपळ्याचा, खालच्या पट्टीत घुमणारा तंबोरा लागतो. स्त्रियांच्या काळी चार-काळी पाचच्या पट्टीसाठी लहान भोपळा आणि आखूड दांडी लागते. चारही तारांची जात एक नसते. पंचमाची तार आणि जोडाच्या तारा पोलादी, तर खर्जाची पितळी असते. या सगळ्या घडणीमुळे मिरजी तंबोऱ्याला भारतभरच्या गायकांत मान मिळाला. सतारी कोलकाता, दिल्ली, लखनौ इथेही उत्तम घडत होत्या, पण तंबोऱ्याच्या बाबतीत मिरजेचे नाव अग्रभागी राहिले. याच दुकानांत वारकऱ्यांच्या वीणा आणि एकताऱ्याही तयार होतात, त्यामुळे दरबारी गवई आणि दिंडीचा वीणेकरी एकाच गल्लीचे गिऱ्हाईक ठरले.

गवयांचे गाव

कारागिरांचे कसब वाढण्याचे मोठे कारण म्हणजे चोखंदळ गिऱ्हाइके गावातच होती. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे मिरजेत काही काळ दरबारी गवई होते. कुरुंदवाडात १८७२ मध्ये जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यावर उपचारासाठी मिरजेत आले. संस्थानिकांच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवांकडे शिकले आणि १८९६ मध्ये मिरज सोडून प्रवासाला निघाले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. संगीत शाळेत शिकवता येते, हे या संस्थेने दाखवून दिले आणि तंतुवाद्यांच्या बाजारावर त्याचा खोल परिणाम झाला. पूर्वी तंबोरा विकत घेणारा म्हणजे संस्थानिक किंवा व्यावसायिक गवई. आता मध्यमवर्गीय घरातील मुलामुलींसाठीही तंबोरा घेतला जाऊ लागला. पलुस्करांचे निधन १९३१ मध्ये मिरजेतच झाले. त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे परीक्षांचे कार्यालय मिरजेत आहे. देशभरातील संगीत विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रांशी या गावाचे नाव त्यामुळेच जोडले गेले.

दुसरे नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे. कैराना येथे जन्मलेले हे गायक दक्षिणेत आले आणि मिरज हे त्यांचे घर झाले. किराणा घराण्याची त्यांची गायकी सुराच्या सूक्ष्म लगावावर उभी होती, त्यामुळे तंबोरा तंतोतंत मिळवलेला असणे ही त्यांच्यासाठी गाण्याची पहिली अट होती. ते स्वतः वाद्यांची दुरुस्ती करत आणि जवारी लावत. अशा गायकाच्या शेजारी काम करणाऱ्या कारागिराचे कान आपोआप तयार होतात. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेबांच्या गायनाच्या आधारे बावीस श्रुतींचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी सेवेतील इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने त्यांनी श्रुतींची पेटीही तयार करवून घेतली. १९१६ च्या बडोद्यातील संगीत परिषदेत या पेटीवरून वाद झाला आणि ती रूढ झाली नाही. पण स्वरांच्या मोजणीचा हा प्रयत्न कृष्णाकाठी झाला, यावरून या भागातील संगीतविचाराची पातळी कळते.

नाटकांनीही हा व्यवसाय फुलवला. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेही सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. बालगंधर्वांचे रंगभूमीवरील पदार्पण १९०५ मध्ये मिरजेत झाले. संगीत नाटकांमुळे तालीमघरांतून आणि हौशी मंडळींच्या बैठकांतून वाद्यांची मागणी वाढली आणि ज्यांच्या घरी कधी तंबोरा नव्हता त्यांच्याही कानावर रागदारी पडू लागली.

रात्री जमणारा समाज

मिरजेतील ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा हे या सामुदायिक ऐकण्याचे मोठे केंद्र. उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो आणि हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांतील भाविक दर्शनाला येतात. अब्दुल करीम खाँ या उरुसात हजेरी लावत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. तेव्हापासून उरुसाच्या दिवसांत त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होत आली आहे. हिराबाई बडोदेकर यांच्यासह किराणा घराण्याचे अनेक कलावंत तिथे गायले. मिरजेच्या अंबाबाई मंदिरातही नवरात्रात असाच संगीतोत्सव होतो. दोन्ही ठिकाणी कलावंत सेवा म्हणून गातो आणि श्रोता तिकिटाशिवाय ऐकतो, त्यामुळे शास्त्रीय संगीत इथे रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोहोचले.

सातारा जिल्ह्यात हेच काम औंधने केले. बाळकृष्णबुवांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंधला संगीतोत्सव सुरू केला. अश्विन वद्य पंचमीला तो भरतो. अंतूबुवांचे पुत्र गजाननबुवा जोशी हे गायक आणि व्हायोलिनवादक, त्यांनी तो वाढवला आणि १९८१ मध्ये शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठानच्या रूपाने त्याला संस्थेचा आधार मिळाला. डोंगराच्या पायथ्याच्या लहानशा गावात देशातील मोठे कलावंत रात्रभर गातात आणि गावकरी व बाहेरगावचे रसिक एकाच मांडवात बसून ऐकतात. उत्सव असो वा घरगुती बैठक, तंबोरे जपून आणावे लागत. त्यासाठी गवसण्या लागत. घरच्या गवसण्या जुन्या लुगड्यांच्या थरांच्या, गोधडीसारख्या टाके घालून शिवत. भोपळ्याच्या नाजूक वाद्याला धक्क्यापासून वाचवण्याचे काम त्या करत.

लोककलेच्या बाजूने तुणतुण्यानेही नवे रूप घेतले. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, यांनी तमाशाला वेगळे वळण दिले. फडात ढोलकी आणि हलगीच्या जोडीला झीलकऱ्याच्या हातात तुणतुणे असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यात सत्यशोधकी जलसे गावोगाव होऊ लागले. त्यांनी तमाशाचा साज आणि रात्रीचा मांडव घेतला आणि विषय बदलला. शिक्षण, सावकारी, जातिभेद आणि भोंदूगिरी यांवर गाणी आणि संवाद रचले गेले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांच्या कलेची मुळे या वारणा-कृष्णाकाठच्या तमाशातच होती. रिकाम्या डब्यापासून बनवता येणारे वाद्य हाती असल्याने अशा पथकांना साधनसामग्रीसाठी कोणाच्या आश्रयाची वाट पाहावी लागली नाही.

स्वातंत्र्यानंतर

संस्थाने गेली तेव्हा दरबारी आश्रय संपला. त्याची जागा आकाशवाणी, संगीत विद्यालये आणि संगीत मंडळे यांनी घेतली. पंडित रविशंकर यांच्या दौऱ्यांमुळे आणि १९६५ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने गाण्यात सतार वापरल्यामुळे पाश्चात्त्य देशांत सतारीचे आकर्षण वाढले, त्या लाटेचा लाभ भारतातल्या सर्व वाद्यकेंद्रांप्रमाणे मिरजेलाही झाला. भीमसेन जोशी यांच्यासारख्या नामवंत गायकांचे तंबोरे मिरजेचे असल्याने गावाची कीर्ती टिकून राहिली.

१९७९ च्या सुमारास बेंगळुरूमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आला. तो पिशवीत मावतो, कोणत्याही पट्टीत लगेच लागतो आणि ओलाव्याने उतरत नाही. विद्यार्थी आणि प्रवासी गायक यांची मोठी सोय झाली, पण मिरजेच्या कारागिरांचे नव्या गिऱ्हाइकांचे एक मोठे दालन बंद झाले. आता मोबाइलमधूनही तंबोऱ्याचा नाद मिळतो. या यंत्रातला स्वर एकाच छापाचा असतो. खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक छेडीला थोडा वेगळा झंकार उमटतो आणि गायकाचा सूर त्यात मिसळून जातो. म्हणून मैफलीच्या व्यासपीठावर भोपळ्याचे दोन तंबोरे आजही लागतात. पण एका मैफलीमागे घरच्या रियाजासाठी शेकडो तंबोऱ्यांची गरज पूर्वी होती, ती यंत्राने भागवली.

दुसरी अडचण लाकडाची आणि भोपळ्याची. चांगल्या लाकडाची किंमत वाढली. भोपळा अवकाळी पावसाने नासतो आणि त्याला उसासारखा खात्रीचा पैसा नसल्याने थोडेच शेतकरी तो लावतात. तिसरी अडचण शिकण्याच्या मुदतीची. भोपळा साफ करण्यापासून सुरुवात करून जवारीपर्यंत पोहोचायला अनेक वर्षे लागतात आणि या काळात कमाई थोडी असते. २०२० च्या टाळेबंदीत मैफली आणि उत्सव थांबले, त्याबरोबर कामही थांबले. मांडव उठला की गल्लीत काम उरत नाही, हे त्या वेळी स्पष्ट दिसले.

या सगळ्या काळात दुरुस्तीने मिरजेच्या दुकानांना आधार दिला. तडकलेला भोपळा बदलता येतो, सुटलेला जोड पुन्हा बसतो, झिजलेल्या घोडीची जवारी नव्याने काढता येते. जुने, पुरते वाळलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा चांगले वाजते, म्हणून मोडलेल्या तंबोऱ्याची दांडी दुसऱ्या वाद्यात कामी येते. आजोबांचा तंबोरा नातीच्या पट्टीसाठी फेरजोडणी करून वापरात आणण्याचे काम या गल्लीत सतत चालते. वाद्य टाकून न देता पिढ्यांत फिरवण्याची ही सवय या व्यवसायाच्या पहिल्या दिवसापासूनची आहे, कारण तो सुरूच दुरुस्तीतून झाला.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीसाठी ते मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर या संस्थेला आणि तंबोऱ्यासाठी सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्म या संस्थेला देण्यात आले. मिरजेच्या नावाने दुसरीकडची वाद्ये विकली जाऊ नयेत, हा त्याचा मुख्य उपयोग. मानांकन नाव जपू शकते. मागणी मात्र ऐकणाऱ्या समाजानेच निर्माण करावी लागते. शाळेत एक खरा तंबोरा असणे, गणेशोत्सवात एका रात्री तरी भजनी मंडळाला किंवा गायकाला मांडव मिळणे, सप्ताहाच्या वीणेची दुरुस्ती मिरजेत होणे, उरुसाच्या आणि औंधच्या उत्सवाला तरुण श्रोते येत राहणे, या साध्या गोष्टींनी कारागिराच्या मुलाला त्याच्या वडिलांचा धंदा पत्करण्यासारखा वाटेल. भीमेकाठचा शेतकरी, मिरजेचा सतारमेकर, तंबोरा छेडणारा विद्यार्थी आणि रात्री जागणारा श्रोता हे चौघे पावणेदोनशे वर्षे एका साखळीत आहेत. त्यांतला एकही गळाला तर उरलेल्या तिघांचे काम अडते.